अर्धी वाटी मका आणि घरभर सल्ले

मराठी घरात कुणी तापाने फणफणलं, की समाचाराला आलेली मावशी कपाळाला हात लावून म्हणते, "अगं बाई, अंगावर लाह्या फुटतील गं!" मावशीच्या मायेबद्दल शंका नाही, हिशेब मात्र चुकलेला आहे. सणसणीत ताप म्हणजे चाळीस-एकेचाळीस अंश सेल्सिअस. मक्याची लाही फुटायला १८० अंश लागतात. हा आकडा इमॅन्युएल विरो आणि अलेक्सांद्र पोनोमारेंको या फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये रीतसर शोधनिबंध लिहून पक्का केला. त्यांनी भट्टीचं तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत नेलं. १७० अंशांवर शंभरातले ३४ दाणे फुटले, १८० अंशांवर ९६. मधल्या दहा अंशांत सगळा कारभार उरकतो, आणि घरोघरी जे बिघडतं तेही बहुतेक त्याच सुमाराला.

पॉपकॉर्नला आपल्याकडे कुणी स्वयंपाकात धरतच नाही. गॅस पेटवता आला की पॉपकॉर्न आलं, असा सार्वत्रिक समज आहे. चहा, मॅगी, ऑम्लेट आणि पॉपकॉर्न एवढ्या चार पदार्थांवर कित्येक पुरुषांनी 'यांना सगळं करता येतं हो' हा लौकिक आयुष्यभर टिकवला आहे. पोह्यांत मीठ कमी पडलं तर त्याची आठवण पुढच्या लग्नसराईपर्यंत निघते. पॉपकॉर्न मात्र तळाशी करपलेलं, वर चिवट आणि मधे दाताची परीक्षा घेणारं निघालं, तरी करणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. "पाकीटच तसलं होतं," म्हणून मंडळी मोकळी होतात.

पाकिटाचा दोष कधी कधी असतोही. पण जास्त वेळा दोष पाण्याचा असतो. एवढ्या खडखडीत पदार्थात पाणी आलं कुठून, असं कुणी विचारेल, तर सगळी गोम तिथेच आहे. दाणा फुटेपर्यंत पाणी त्याच्या आत हवं आणि फुटल्यावर ते आसपाससुद्धा नको. अट एवढीच. पण ती मोडण्याचे जितके मार्ग आहेत, तितके सगळे एका सुखवस्तू घराच्या स्वयंपाकघरात एकाच रविवारी वापरलेले दिसतात.

लाह्यांच्या मक्याचा दाणा बारका, गोलसर आणि काचेसारखा टणक असतो. शंभर ग्रॅम दाण्यांत पाणी असतं साधारण चौदा ग्रॅम, तेही पिठूळ गराच्या आत मुरलेलं. दाणा तापला की या पाण्याची वाफ व्हायला बघते, पण सालपट इतकं चिवट की बाहेर पडायला फट नाही. आतला दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेच्या नऊपटींच्या घरात जातो. आपला डाळ-भाताचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत जेमतेम दुप्पट दाब असतो. म्हणजे दाणा हा कुकरच, पण त्याची शिट्टी एकदाच होते आणि नंतर कुकर उरत नाही. साल फाटतं, उकळून मऊ झालेलं आतलं पिष्ट फेसासारखं फुगतं आणि बाहेरच्या हवेत क्षणात थंड होऊन तसंच थिजतं. तो पांढरा फेस आपण मूठ-मूठ तोंडात कोंबतो.

त्या फ्रेंच जोडीने हा सोहळा वेगवान कॅमेऱ्याने टिपला. दाण्याला आधी पिष्टाचा एक पाय फुटतो, तो पाय भांड्याच्या तळाला रेटा देतो आणि दाणा कोलांटी घेतो. 'फट्' हा आवाज साल फाटल्याचा नाही, दाणा झाकणावर आपटल्याचा तर नाहीच नाही. तो आतली वाफ एकदम बाहेर सुटल्याचा. एवढ्याशा आवाजाचा उगम शोधायला दोन शहाणी माणसं बसली, याचं हसू येणाऱ्यांनी आपल्या घरातला कुकर नेमका कुठून फुसफुसतो, हे एकदा शोधून दाखवावं.

पाण्याशी पहिला दगा होतो तो गच्चीवर. मराठी घराला ऊन दाखवायची फार हौस. मे महिना लागला की गहू, तूरडाळ, तांदूळ, मिरच्या, गाद्या आणि लोणच्याची बरणी असे सगळे ओळीने उन्हात बसतात. त्याच ओढीने अर्धा किलो लाह्यांचा मकाही जुन्या लुगड्यावर पसरला जातो. दोन कडक उन्हं खाल्ली की गहू वर्षभर टिकतो. मका टिकतो, पण फुटत नाही. त्यातलं पाणी नागपूरच्या किंवा जळगावच्या उन्हाने पिऊन टाकलेलं असतं. मग ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी कढईत मूठभर दाणे पडतात, काळे पडतात, धूर करतात आणि निगरगट्टासारखे तिथेच बसून राहतात. घरातली वडीलधारी म्हणतात, "एवढं ऊन दाखवलं, तरी कीड लागली वाटतं."

दुसरा दगा फ्रिजमध्ये. फ्रिजची हवा कोरडी असते. पाकिटाचं तोंड कापून, रबरबँड लावून ते दरवाजातल्या कप्प्यात ढकललं, की दाणे हळूहळू सुकायला लागतात. लाह्यांच्या मक्याला घट्ट झाकणाची बरणी आणि ओट्याखालचा अंधारा कोपरा पुरतो. सुकलेला मका परत माणसात आणता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. बरणी पाऊण भरेल इतके दाणे घ्यायचे, त्यावर एक मोठा चमचा पाणी शिंपडायचं, झाकण लावून बरणी हलवायची आणि दोन-तीन दिवस येता-जाता हलवत राहायचं. दाणे पाणी पिऊन घेतात. दोन चमचे घातले तर दुप्पट फायदा होईल, हा हिशेब इथे चालत नाही. साल ओलं राहिलं की बुरशी येते.

खरं तर हे सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं, फक्त त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला नाही. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या आठवून पाहाव्यात. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून लाह्यांची तयारी आधीच. ज्वारी कढत पाण्यातून काढायची, निथळायची, फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरवरची ओल जाईपर्यंत सावलीत पसरायची. सावलीत, उन्हात नाही. मग लोखंडी कढई लाल व्हायच्या बेताला आली की एका वेळी चिमूट-दोन चिमटी ज्वारी टाकून वरून कापडाच्या पुरचुंडीने भरभर फिरवायचं. दाण्यात पाणी मुरवणं, साल कोरडं ठेवणं, भांडं कडक तापवणं आणि एका वेळी थोडेच दाणे घेणं, या चार गोष्टींत पॉपकॉर्नचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं. ज्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्याच घरात मका आला की अक्कल गच्चीवर वाळत पडते.

भडभुंज्याकडेही हेच. त्याच्या भट्टीवरच्या वाळूत किंवा मिठात दाणा चारी बाजूंनी सारखा तापतो, म्हणून फुटाण्यापासून साळीच्या लाह्यांपर्यंत सगळं त्याच्या हाताखाली मुकाट फुलतं. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ज्या लाह्या लागतात आणि लग्नात लाजाहोमाला नवरीच्या ओंजळीत भाऊ ज्या घालतो, त्या सगळ्या अशाच कुणाच्या तरी धगीतून आलेल्या असतात. कापडी पुरचुंडीचं काम भडभुंजा लोखंडी चाळणीने करतो. बोलणं कमी, हात जलद.

आता मका आणायचा कुठून? वाण्याकडे नुसतं "मका द्या" म्हटलं तर तो कोंबड्या आहेत का, असं विचारण्याची शक्यता आहे. पोत्यातला मोठा, चपटा, पिवळा मका पिठाचा किंवा खाद्याचा. त्याचं साल वाफ धरून ठेवत नाही, तो कढईत फार तर चिरतो. स्वीट कॉर्नचे दाणे वाळवून लाह्या करू पाहणारेही समाजात आहेत, आणि त्यांच्या उत्साहाला कुणी आवर घालू शकलेलं नाही. वाण्याला सरळ "लाह्यांचा मका" म्हणावं. गिऱ्हाइकी असलेल्या दुकानातून घ्यावा. वर्षानुवर्षं फळीवर बसून असलेलं पाकीट स्वस्त पडतं, पण त्यातलं पाणी केव्हाच सेवानिवृत्त झालेलं असतं.

तरीही तळाशी थोडे गणंग उरतातच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००५ मध्ये १४ वाणांचे दाणे फोडून पाहिले, तेव्हा न फुटणाऱ्यांचं प्रमाण कुठे ४ टक्के, तर कुठे थेट ४७ टक्के निघालं. फरक सालाच्या घडणीत होता. चांगल्या दाण्याचं साल तापल्यावर आतून आणखी घट्ट जुळतं, वाईट दाण्याचं वाफ झिरपू देतं. तेव्हा मूठभर गणंग उरले तर घरच्या कर्त्याला दोष देऊ नये. निम्मं भांडं उरलं तर जरूर द्यावा.

भांड्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण भांडणं तिथे होतात. आपल्याकडे पॉपकॉर्न कुकरमध्ये करतात. पाकिटावरही कुकरचंच चित्र असतं आणि शिट्टी लावू नका अशी तंबी. ती तंबी कुणी वाचत नाही. बायको माहेरी गेलेली असताना फोन येतो, "अगं, पॉपकॉर्नला शिट्ट्या किती?" पलीकडून क्षणभर शांतता. मग, "अहो, शिट्टी काढा आधी! रिंगसुद्धा काढा. झाकण लावायचं नाही, नुसतं वर ठेवायचं." कुकर घ्यायचा तो त्याच्या जाड बुडासाठी आणि उंच भिंतींसाठी. दाब निर्माण करायचं काम दाणा स्वतः करतो, त्याला बाहेरून मदत नको असते. फुललेली लाही नळीत अडकली तर त्या मदतीचा खर्च छताच्या रंगकामापर्यंत जाऊ शकतो. जाड बुडाची कढई किंवा पितळी पातेलं असेल तर उत्तमच.

तीन लिटरच्या कुकरला अर्धी वाटी मका पुरतो. हे वाक्य ऐकून आजवर कुणीही अर्धी वाटी घेतलेली नाही. तळाशी पसरलेले ते एवढेसे दाणे बघून प्रत्येकाला वाटतं, "एवढ्याने काय होतंय? घरात पाच माणसं आहेत." आणि हात पुन्हा बरणीत जातो. चांगल्या मक्याचा एक ग्रॅम दाणा फुलून चाळीस मिलिलिटरच्या आसपास जागा अडवतो. अर्ध्या वाटीत साठेक ग्रॅम धरले तरी अडीच लिटरच्या जवळ गेलं. पूर्ण वाटी टाकली की झाकण आपोआप वर उचललं जातं आणि लाह्या ओट्यावरून चालत सिंककडे निघतात. एकदा हे पाहिलेल्या घरात पुढच्या वेळी दोनदा करतात. तेच बरं.

विस्तव मध्यम. तळ झाकेल इतकं तेल किंवा तूप. त्यात आधी तीनच दाणे टाकायचे आणि झाकण ठेवून गप्प उभं राहायचं. हे तीन दाणे म्हणजे घरचा तापमापक. तिन्ही फुटले, की तेल १८० अंशांच्या पलीकडे गेलं. आता उरलेले दाणे टाकायचे, भांडं विस्तवावरून खाली घ्यायचं आणि अर्धा मिनिट तसंच हलवत धरायचं. माणसाला सगळ्यात जड जातो तो हा अर्धा मिनिट. पण त्यात सगळे दाणे एकसारखे तापून एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहतात. भांडं परत विस्तवावर गेलं, की थोड्याच वेळात लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यांच्या माळेला लाजवेल असा कडकडाट सुरू होतो. एकेक दाणा सवडीने फुटला, तर आधी फुटलेल्या लाह्या खाली करपत बसतात.

आणि झाकण. इथे घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, घट्ट ठेवा, दाणे उडतील. दुसरा म्हणतो, किंचित तिरपं ठेवा. दुसरा तट बरोबर आहे, आणि कारण पुन्हा पाणी. प्रत्येक दाणा फुटताना आपल्यातली वाफ भांड्यात सोडतो. झाकण गच्च बसलं असेल तर ती वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि ताज्या, कुरकुरीत लाह्यांवर ठिबकते. लाही चिवट होते ती अशी. बोटभर फट ठेवली, तर भांड्याच्या कडेने वाफेची रेघ निघताना दिसते. चष्मा घालून वाकून पाहणाऱ्याला ती चष्म्यावरही दिसते. दोन फटक्यांमध्ये एक-दोन सेकंदांचं अंतर पडू लागलं, की उतरवायचं आणि लगेच परातीत ओतायचं. "अजून दोन फुटतील" म्हणून थांबणाऱ्याला ते दोन मिळतात, पण वीस करपतात.

मग येतं ते बटर. सिनेमात पाहिलंय म्हणून वितळलेलं बटर वर ओतायची टूम आहे. विकतच्या बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आत्ताच कुठे कष्टाने बाहेर घालवलेलं पाणी पैसे देऊन परत आत घेण्याचा हा प्रकार. बटर पडलं की लाही जागच्या जागी आक्रसते. तळायलाच बटर घेतलं तर त्यातला दुधाचा अंश दाणे फुटायच्या आधी काळा पडतो. यावरचा इलाज जगभरच्या खवय्यांनी बराच विचार करून काढला आहे. बटर मंद आचेवर कढवायचं, पाणी उडवायचं, दुधाचा साका गाळून टाकायचा. एवढी खटपट करून जे हाती लागतं ते मराठी घरात ओट्यावरच्या डब्यात वर्षभर असतं, त्याला साजूक तूप म्हणतात. तूप दोनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय धुरावत नाही, आणि घरच्या तुपावर फुललेल्या लाह्यांचा वास जिन्यापर्यंत जातो. शेजारच्या काकू 'सहज' डोकावतात.

अमेरिकेतल्या थिएटरांची आवड वेगळी, खोबरेल तेल. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका ग्राहकसंस्थेने हिशेब मांडला, की थिएटरातल्या खोबरेलातल्या मध्यम पॉपकॉर्नमध्ये जी घट्ट चरबी असते, ती न्याहारीचं बेकन आणि अंडी, दुपारचं बिग मॅक आणि फ्राइज, रात्रीचं स्टेकचं साग्रसंगीत जेवण हे सगळं एकत्र केलं तरी त्याहून जास्त भरते. देशभर ओरडा झाला आणि पुष्कळ थिएटरांनी तेल बदललं. मराठी माणसाला खोबरेल म्हटलं की आधी निळी बाटली आणि मग वेणी आठवते, त्यामुळे त्यात लाह्या फोडायला हात धजत नाही. या पेचाला थेट सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. खोबरेलाच्या छोट्या बाटल्या खाण्याचं तेल धरायचं की केसांचं, यावर करखातं आणि उत्पादक वर्षानुवर्षं भांडत होते. केसांचं तेल म्हणून विकलेलं नसेल तर शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच, असा निकाल १८ डिसेंबर २०२४ रोजी लागला.

नेमक्या तिसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नचा निकाल लावला. मीठ-मसाल्याचं सुटं पॉपकॉर्न ५ टक्के, तेच पाकिटात बंद करून लेबल लावलं तर १२ टक्के, आणि कॅरामलचं असेल तर १८ टक्के, कारण साखर लागली की त्याची जात बदलून ते मिठाईच्या पंगतीत बसतं. दर नवे नव्हते, नुसता खुलासा होता. पण खुलासा असा, की आठवडाभर मोबाइलवर विनोदांच्या लाह्या फुटत राहिल्या. सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पाच गेला आणि खारं पॉपकॉर्न सुटं असो की बंद, ५ टक्क्यांत आलं. एका आठवड्यात देशाने खोबरेलही ठरवलं आणि लाहीही ठरवली, तेव्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेला खोबरेलात फोडलेलं पॉपकॉर्न घेऊन बसायला हरकत नाही.

मिठाचं दुखणं निराळं. घरच्या पॉपकॉर्नमध्ये मीठ असतं, पण ते वाडग्याच्या तळाशी, शेवटच्या मुठीची वाट बघत. कारण साधं आहे, मिठाचा खडा जाड आणि लाही कोरडी. थिएटरातलं मीठ पिठासारखं बारीक असतं. तेच मीठ घरच्या मिक्सरमधून दोन गिरक्या देऊन काढलं तर तेही तसंच होतं. तव्यावर किंचित गरम करून, मग वाटून, तुपाचा हलका हात फिरलेल्या लाह्यांवर चिमटीने उंचावरून सोडायचं. गाडीवाल्याच्या पॉपकॉर्नचा पिवळा रंग हळदीचा असतो, तीही फोडताना तेलात चिमूटभर पडली तरच चढते, वरून टाकली तर फक्त बोटं पिवळी होतात. चाट मसाला, पादेलोण, लाल तिखट हे नेहमीचे गडी. पण मेतकूट एकदा भुरभुरून पाहावं. ज्या चवीसाठी लहानपणी मऊ भात खाल्ला, ती कुरकुरीत रूपात भेटते.

मायक्रोवेव्हवाल्यांना आपण या सगळ्याच्या वरचे आहोत असं वाटतं. गंमत अशी, की मायक्रोवेव्हच्या जन्मवेळेलाच पॉपकॉर्न हजर होतं. रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणारा पर्सी स्पेन्सर १९४५ च्या सुमारास चालू यंत्रापाशी उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, मग त्याने मुद्दाम मका मागवून यंत्रासमोर धरला, अशी हकीगत सांगतात. त्यातून निघालेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि साडेतीनशे किलोच्या घरातली होती. आज ती ओट्यावर मावते आणि तिच्यावर 'पॉपकॉर्न' असं एक बटणही असतं. गंमत म्हणजे मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नच्या कित्येक पाकिटांवर लिहिलेलं असतं, की कृपया पॉपकॉर्नचं बटण वापरू नका, कान देऊन ऐका. भट्टीवाला आणि पाकीटवाला यांचं एकमेकांशी बोलणं होत नसावं.

या धंद्यातला सगळ्यात गोड माणूस म्हणजे इंडियानाचा ऑरव्हिल रेडनबाकर. पर्ड्यूमध्ये शेतकी शिकलेला, चार्ली बोमन या भागीदाराबरोबर वर्षानुवर्षं मक्याचे संकर करत बसलेला. एवढा फुलणारा दाणा तयार झाला, पण महाग म्हणून कुणी घेईना, तेव्हा स्वारी गाडीत दाणे भरून दुकानोदुकानी हिंडली. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं होतं 'रेडबो'. नाव खपेना, म्हणून शिकागोतल्या जाहिरातवाल्यांकडे गेले. त्यांनी त्याला पॉपकॉर्नबद्दल तासन्‌तास बोलू दिलं आणि १३,००० डॉलर घेऊन नवं नाव दिलं, ऑरव्हिल रेडनबाकर. हेच नाव आईने फुकटात ठेवलं होतं, असं तो पुढे स्वतःच हसून सांगे. पण जाहिरातवाले बरोबर निघाले. काही वर्षांत त्याचा चष्मा, बो-टाय आणि पांढरे केस अमेरिकेच्या घराघरात पोचले.

थिएटरांचा आणि पॉपकॉर्नचा संसारही मोठा गमतीचा. अमेरिकेत मूकपटांच्या काळात थिएटरमालकांना पॉपकॉर्न नकोच होतं. भारी गालिचे, आणि त्यावर खारे चुरे. प्रेक्षक बाहेरच्या गाडीवरून पिशवी घेऊन कोटाखाली लपवून आत आणत. मग १९३० च्या दशकातली मंदी आली. पाच-दहा सेंटांची पिशवी लोकांना परवडत होती, आणि मालकांना कळलं की तिकिटापेक्षा पिशवीत बरकत आहे. गालिच्यांचा विषय तिथेच संपला.

आता कोटाची जागा पर्सने घेतली आहे, आणि अडवणारे तेच मालक, कारण मात्र उलट. महाराष्ट्रात २०१८ मध्ये हा तंटा पेटला. जूनमध्ये पॉपकॉर्नच्या भावावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये हात चालवले. जुलैत मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की १ ऑगस्टपासून घरचं खाणं आत नेता येईल. ऑगस्टमध्ये सरकारनेच उच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण पुढे केलं. थालीपिठाने कोणती सुरक्षा धोक्यात येते, याची कल्पना करत महाराष्ट्र काही दिवस स्वस्थ बसला. अखेर जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की थिएटर ही खाजगी मालमत्ता, नियम मालकाचा. कुणी जिलबी आणली आणि चिकट हात खुर्चीला पुसले तर काय, असाही प्रश्न त्या सुनावणीत निघाला. प्रश्न रास्त आहे. जिलबी खाऊन हात कशाला पुसावेत, यावर मराठी माणसाचं उत्तर शेजाऱ्याच्या रुमालापासून सुरू होतं.

म्हणून मंडळी घरीच करतात, आणि हमखास जास्त करतात. रात्री उरलेल्या लाह्या डब्यात जातात. कोकणात किंवा मुंबईत जुलैची हवा असेल तर सकाळपर्यंत त्या मलूल. कोरडी लाही हवेतलं पाणी ओढून घेते. टाकून द्यायची गरज नाही. मंद आचेवर कोरड्या कढईत पाच मिनिटं हलवल्या की पाणी निघून जातं आणि लाही पुन्हा कुरकुरते. तेवढ्यात शेजारच्या गॅसवर तेल तापतं. मोहरी, हिंग, हळद, मूठभर शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, असले तर खोबऱ्याचे काप. फोडणी गार होऊ द्यायची, मग लाह्या त्यात घोळायच्या, म्हणजे पॉपकॉर्नचा चिवडा तयार. शेवटी मीठ आणि चिमूटभर पिठीसाखर. या पिठीसाखरेने चिवडा मिठाईत जातो का, हे जैसलमेरला कुणी विचारलं नाही. पुण्यातही कुणी विचारू नये, कारण तिथे साखरेशिवाय चिवडा होतो हेच मान्य नाही, आणि नागपूरकर पाहुणा घरात असेल तर तो तेवढ्यात उठून आणखी तिखट घालतो.